साजगावची तबकडी आणि साधनचिकित्सा : एका जुन्या स्टिरिओच्या दुरुस्तीतून निघालेला इतिहास

१/
आजचा धागा कोणत्याही लढाईचा किंवा तहाचा नाही. तो खालापूर तालुक्यातील साजगाव येथील आमच्या घरातल्या एका जुन्या स्टिरिओ संचाचा आहे. हा संच सुमारे पंचवीस वर्षे बंद होता. यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत तो मी दुरुस्त करायला घेतला. वर्गात दोन वर्षे शिकूनही जी साधनचिकित्सा मला नीट उमगली नव्हती, ती या लाकडी पेटीने शिकवली. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/
प्रथम गावाविषयी. खोपोलीला लागून असलेले साजगाव ओळखले जाते ते कार्तिकी एकादशीच्या यात्रेमुळे. येथील विठ्ठलाला लोक ‘बोंबल्या विठोबा’ म्हणतात, कारण यात्रेत सुक्या मासळीचा मोठा बाजार भरतो. तुकोबा मिरचीच्या व्यापारासाठी घाट उतरून या भागात येत असत, अशी परंपरा सांगितली जाते. माझे आजोबा खोपोलीतील एका कारखान्यात नोकरीला होते आणि गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवत. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरणार आहे, म्हणून आधीच नोंदवते.

३/
आता विजेविषयी. जमशेदजी टाटांच्या मनातील जलविद्युत योजना त्यांच्या मृत्यूनंतर दोराबजींनी पुढे नेली. १९१० मध्ये कंपनी स्थापन झाली, १९११ मध्ये लोणावळ्यास पायाभरणी झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीचे वीजगृह सुरू झाले. घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी नळांतून सुमारे ५०० मीटर खाली आणून त्यावर जनित्रे फिरवली गेली. १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा येथील वीजगृहेही चालू झाली.

४/
ही वीज निघाली ती मुंबईच्या गिरण्यांसाठी. तारा आमच्या डोक्यावरून जात होत्या आणि खाली कंदील जळत होते. भिऱ्याच्या वीजगृहासाठी मुळशीचे धरण बांधले जात असताना सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, हे आपण जाणतोच. घरात पहिला दिवा लागल्याचा दिवस आजीला अजून स्पष्ट आठवतो. वीजगृहाच्या शेजारी राहूनही वीज पाहायला एक पिढी जावी लागली, असे ती सांगते.

५/
ध्वनिमुद्रिका मात्र विजेच्या आधी खेड्यात पोहोचली. १९०२ मध्ये फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यास आला आणि त्याने गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. त्या वेळी तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे छापून येत. १९०८ मध्ये कलकत्त्याजवळ सियालदा येथे कारखाना निघाला. या तबकड्यांतील एक महत्त्वाचा घटक होता लाख, म्हणजे आपल्याकडील झाडांवर वाढणाऱ्या किड्याचा स्राव. यंत्रालाही वीज नको होती. किल्ली द्यायची, स्प्रिंग गुंडाळायची आणि साडेतीन मिनिटे गाणे ऐकायचे.

६/
स्प्रिंगच्या ग्रामोफोनला वेग कमी-जास्त करण्याचा खटका असे. ऐकणारा तो आपल्या कानाने लावत असे. विजेवरची मोटर आली आणि वेग ठरवण्याचा अधिकार ऐकणाऱ्याच्या हातून वीजगृहाकडे गेला. कशी, ते पुढे पाहू. पण या एका वाक्यातच आमच्या घरातील सर्व घोटाळ्याचे मूळ आहे.

७/
‘स्टिरिओ’ म्हणजे दोन कर्णे एवढेच नव्हे. १९३१ मध्ये इएमआय कंपनीतील अॅलन ब्लमलाइन या अभियंत्याने एकाच खाचेत दोन स्वतंत्र ध्वनी कोरण्याच्या पद्धतीचे पेटंट मागितले. खाचेच्या दोन भिंती ४५ अंशांत कललेल्या. एका भिंतीवर डावा आवाज, दुसरीवर उजवा. ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्ले तबकडी १९४८ मध्ये अमेरिकेत निघाली आणि स्टिरिओ तबकड्या बाजारात यायला १९५७-५८ साल उजाडले. कल्पना आणि बाजार यांच्यात पाव शतकाचे अंतर पडले.

८/
आमचा संच असा : जड लोखंडी थाळीचा अमेरिकन टर्नटेबल, जो आजोबांनी सत्तरच्या दशकात मुंबईत जुन्या बाजारातून घेतला, एका स्थानिक कारागिराने पत्र्याच्या चौकटीवर बांधलेला व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर, सागवानी खोक्यांतील दोन स्पीकर, आणि २३० व्होल्टचे ११० व्होल्ट करणारा एक ट्रान्सफॉर्मर. आजोबा गेल्यावर संचावर चादर पडली. पुढे त्यावर लोणच्याच्या बरण्या आल्या.

९/
दुरुस्तीचा पहिला नियम : जुना संच थेट प्लगला लावू नये. कोकणच्या दमट हवेत वर्षानुवर्षे पडून राहिलेले कंडेन्सर आतून सुकलेले असतात. पूर्ण दाब मिळताच ते फुटू शकतात. खोपोलीतील रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका वयस्क काकांनी मला ‘सिरीज दिवा’ लावायला शिकवले. संचाच्या मार्गात जुन्या पद्धतीचा तारेचा १०० वॅटचा बल्ब ओळीत जोडायचा. बल्ब झगझगीत पेटून तसाच राहिला, तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. क्षणभर पेटून मंद झाला, तर पुढे जायला हरकत नाही.

१०/
आमचा बल्ब झगझगीत पेटला आणि तसाच राहिला. “पोरी, हात खिशात घाल,” काका म्हणाले, “बंद केला तरी यात वीज बसलेली असते.” व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरमध्ये २५० ते ३०० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते कंडेन्सरमध्ये साठून राहतात. आधी मोठ्या रेझिस्टरमधून ते उतरवावे, मीटरने शून्य पाहावे, मगच आत हात घालावा. ज्यांना घरी प्रयोग करायचा आहे त्यांना विनंती : हे काम जाणकार सोबत असल्याशिवाय करू नका.

११/
पॉवर सप्लायचे मोठे कंडेन्सर बदलले. दोन व्हॉल्व्हच्या मधले, आवाज पुढे पोहोचवणारे छोटे कंडेन्सरही बदलले. ते गळू लागले की पुढचा व्हॉल्व्ह तापून मरतो. व्हॉल्व्हच्या पायांवरचा गंज काढला, आवाजाच्या बटणात क्लीनर सोडला. आता बल्ब मंद झाला, व्हॉल्व्ह केशरी उजळले आणि स्पीकरमधून ‘घुंऽऽ’ असा आवाज आला. टर्नटेबलची अर्थची तार तुटली होती. ती जोडताच गुणगुण थांबली.

१२/
स्पीकरच्या जोडणीतही एक मेख असते. दोन्ही स्पीकरचे पडदे एकाच वेळी पुढे यायला हवेत. एकाच्या तारा उलट लागल्या तर एक पुढे येतो, दुसरा मागे जातो आणि मृदंगाचा खर्ज नाहीसा होतो. तारा काढून दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावावा. पडदा बाहेर आला तर ज्या टोकाला सेलचे धन टोक लागले, तेच धन टोक. आमचा उजवा स्पीकर उलटा होता. तो किती वर्षे तसा होता, कोण जाणे.

१३/
सुईविषयी थोडे. लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीची खाच रुंद असते, लाँग प्लेची अरुंद. पहिलीला सुमारे ७५ मायक्रॉन त्रिज्येचे टोक लागते, दुसरीला १८ ते २५ मायक्रॉनचे. एकाची सुई दुसरीवर चालवली तर गाणेही बिघडते आणि तबकडीही. शिवाय जुनी मोनो कार्ट्रिज वर-खाली हलत नाही. ती स्टिरिओ खाचेच्या भिंती खरवडते. तबकड्यांवर बुरशी होती. त्या कोमट पाण्यात मऊ साबणाने, मधला कागद न भिजवता धुतल्या आणि सावलीत उभ्या वाळवल्या.

१४/
मग अभंगांची एक लाँग प्ले लावली. आवाज आला, दोन्ही बाजूंनी आला, घर भरून गेले. आजी दारात येऊन उभी राहिली आणि काही बोलली नाही. मला मात्र काहीतरी खटकले. हेच गाणे मी मोबाइलवर शेकडो वेळा ऐकले आहे. इथे गायिकेचा आवाज जड वाटत होता आणि लय रेंगाळत होती. जुने यंत्र आहे, असे मी स्वतःला समजावले.

१५/
तबकडीच्या वेष्टनाच्या मागे आजोबांच्या पेन्सिलीतील नोंद होती : ‘पां. ५’. म्हणजे पेटीवर पांढरी पाच. मंडळात हा अभंग बसवताना पेटी कुठे धरायची, याची ती खूण. मी मोबाइलवर तेच गाणे लावून आजोबांच्या पेटीशी ताडून पाहिले. सूर निघाला काळी पाच. तब्बल तीन पट्ट्यांचा फरक. दुसरी तबकडी, तिसरी तबकडी. प्रत्येक वेळी आजोबांची नोंद जवळजवळ तीन पट्ट्या खाली होती. पेटीचे सूर बिघडले असावेत, ही शंका लगेच बाद झाली, कारण दोन्ही सूर मी त्याच पेटीवर तपासले होते.

१६/
नोंद चुकीची म्हणावी, तर आजोबांचा कान पक्का होता. मग वेग तपासायचा ठरवले. थाळीच्या कडेला बारीक खुणांची रांग आणि शेजारी एक छोटा निऑन दिवा होता. याला स्ट्रोबोस्कोप म्हणतात. विजेवरचा दिवा दर सेकंदाला ठराविक वेळा लुकलुकतो. थाळी योग्य वेगाने फिरत असेल तर खुणा जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसतात. मी दिवा लावला. खुणा अगदी स्थिर. यंत्र सांगत होते : वेग बरोबर आहे.

१७/
इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबायला हवे. एका बाजूला माणसाची नोंद, दुसऱ्या बाजूला मोजणाऱ्या उपकरणाची ग्वाही. आपला कल सहजच उपकरणाकडे जातो. पण साधनचिकित्सेचा प्रश्न दोघांनाही सारखाच विचारायला हवा : हा साक्षीदार कुठला आणि कशाच्या आधारावर बोलतो आहे?

१८/
मग तिसरा साक्षीदार शोधला, ज्याचा या विजेशी काही संबंध नाही. तबकडीवर कागदाचा एक तुकडा ठेवला, मोबाइलवर स्टॉपवॉच लावले आणि फेरे मोजले. ३३⅓ च्या वेगाने ३ मिनिटांत बरोबर १०० फेरे व्हायला हवेत. मी मोजले : ८३. पुन्हा मोजले : ८३. थाळी मिनिटाला २७.८ फेरे घेत होती.

१९/
आता उलगडा झाला. अमेरिकेत वीज सेकंदाला ६० आवर्तनांची, आपल्याकडे ५० ची. या टर्नटेबलमधील सिंक्रोनस मोटर आवर्तनांच्या तालावर फिरते. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, आवर्तने बदलत नाही. म्हणून आमच्या घरी मोटर सहा फेऱ्यांच्या जागी पाच फेरे घेत होती. ५/६ वेग म्हणजे सूर सुमारे तीन पट्ट्या खाली आणि २० मिनिटांची बाजू २४ मिनिटांची.

२०/
आणि स्ट्रोबोस्कोप? तोही अमेरिकन होता. ६० आवर्तनांसाठी थाळीवर २१६ खुणा असतात. ५० साठी १८० हव्यात. आमच्याकडे थाळी जितक्या प्रमाणात मंदावली, तितक्याच प्रमाणात दिव्याचे लुकलुकणेही मंदावले. २७.८ गुणिले २१६ म्हणजे सुमारे ६०००. ५० आवर्तनांचा निऑन दिवाही मिनिटाला ६००० वेळाच चमकतो. दोघे एकाच चुकीने बांधलेले, म्हणून दोघांचे म्हणणे तंतोतंत जुळत होते.

२१/
मला हा या सर्व प्रकरणाचा गाभा वाटतो. आपण म्हणतो, दोन साधने एकमेकांना दुजोरा देतात म्हणून घटना खरी. पण ती दोन्ही एकाच मुळातून आली असतील तर तो दुजोरा नव्हे, ती एकाच विधानाची दोनदा केलेली नक्कल आहे. एका बखरीवरून उतरलेल्या दुसऱ्या बखरीला आपण स्वतंत्र पुरावा मानत नाही, त्याचे कारण हेच.

२२/
हा प्रश्न आमच्या घरापुरता नाही. ‘७८ फेऱ्यांच्या’ म्हटल्या जाणाऱ्या जुन्या तबकड्या प्रत्यक्षात ७० ते ८० आणि क्वचित त्याहून अधिक वेगाने मुद्रित झालेल्या असत. ७४ ला मुद्रित झालेले गाणे ७८ ला वाजवले तर सूर जवळजवळ एक पट्टी चढतो. मिरजेचे अब्दुल करीम खाँ यांच्यासारख्या गायकाचा मूळ स्वर कोणता, ते किती द्रुत गात, यांविषयी केवळ जुन्या तबकडीवरून विधान करणाऱ्याने आधी तिचा वेग सिद्ध केला पाहिजे. आज इंटरनेटवर फिरणाऱ्या प्रतींपैकी कितीजणांनी तो तपासला असेल?

२३/
७८ हा आकडाही विजेनेच घडवला. ६० आवर्तनांच्या देशात ३६०० फेऱ्यांच्या मोटरला ४६ पट कमी करून ७८.२६ मिळे, ५० आवर्तनांच्या देशात ७७ खुणांच्या स्ट्रोबोस्कोपवर ७७.९२ येई. एकच तबकडी दोन खंडांत किंचित वेगळ्या सुरात वाजत होती.

२४/
इतकेच नव्हे. योग्य मोटर असती तरी नव्वदच्या दशकात आमच्याकडे सूर स्थिर राहिला नसता. वीज अपुरी असल्याने संध्याकाळी मागणी वाढली की आपल्या भागातील आवर्तने ४८.५ पर्यंत उतरत. म्हणजे गाणे अर्धी पट्टी खाली. २००२ नंतर दरपद्धत बदलल्यावर ही घसरण आवरली गेली आणि ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेची जाळी जोडली जाऊन सारा देश एकाच आवर्तनावर आला. सुराचाही वीजपुरवठ्याशी संबंध असतो, हे संगीताच्या इतिहासात क्वचितच लिहिले जाते.

२५/
उपाय साधा निघाला. या टर्नटेबलमध्ये मोटरच्या दांड्यावर पायऱ्यांची पितळी पुली, तिला टेकलेले रबरी चाक आणि ते चाक थाळीच्या आतील कडेला टेकलेले, अशी रचना आहे. मधल्या चाकाच्या आकाराने वेग बदलत नाही. बदलतो तो पुलीच्या जाडीने. पुली एक पंचमांशाने जाड केली की ५० आवर्तनांवर थाळी ३३⅓ ला येते. खोपोलीतील एका लेथवाल्या दादांनी जुनी पुली मायक्रोमीटरने मोजून नवी कातून दिली. मोटर जास्त तापू नये म्हणून काकांनी तिचे व्होल्टही थोडे उतरवले.

२६/
पुन्हा कागदाचा तुकडा, पुन्हा स्टॉपवॉच. ३ मिनिटांत १००. तीच अभंगांची तबकडी लावली. काळी पाच. लय चालू लागली, टाळांना धार आली. मी विजयी मुद्रेने आजीकडे पाहिले.

२७/
आजीने थोडा वेळ ऐकले आणि म्हणाली, “अगं, ही कोण बाई गातेय? आपल्या तबकडीतली नाही ही.” मी सगळे समजावून सांगितले. साठ, पन्नास, पुली. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, “तुझं बरोबर असेल. पण तुझे आजोबा रात्री दिवा बारीक करून जे ऐकायचे, ते हे नव्हे.”

२८/
या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते आणि अजूनही नाही. मुद्रणाचा इतिहास विचारला तर काळी पाच खरी. पण या घरात, या ओसरीवर वीस-पंचवीस वर्षे जे ऐकले गेले, ते पांढरी पाचातले होते. मंडळाने अभंग त्याच सुरात बसवला, यात्रेत त्याच सुरात गायला. गावातील वयस्क भजनी तो आजही तिथूनच उचलतात, हे मी मागच्या कार्तिकीत स्वतः ऐकले होते. कारण तेव्हा कळले नव्हते. गायिकेने काय गायले, हा एक इतिहास. लोकांनी काय ऐकले, हा दुसरा. पहिला सिद्ध झाला म्हणून दुसरा खोटा ठरत नाही.

२९/
म्हणून आम्ही असे केले. जुनी पुली फेकली नाही. ती एका डबीत घालून वर चिठ्ठी लावली : कधी काढली, का काढली, कोणता वेग देते. आजोबांच्या पेन्सिलीतील एकही नोंद खोडली नाही. प्रत्येक वेष्टनात वेगळा कागद घालून त्यावर नवा सूर आणि तारीख लिहिली. पुली बदलायला दहा मिनिटे लागतात. एकादशीच्या रात्री मी जुनी पुली बसवते आणि आजीजवळ बसते.

३०/
तुमच्या घरी माळ्यावर असा एखादा संच, टेप, रेडिओ असेल तर भंगारात देण्यापूर्वी तीन गोष्टी करा. त्यावरील सर्व खुणा, पावत्या, हस्ताक्षरे यांची छायाचित्रे घ्या. तो कुठून आला हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. आणि तबकडी वाजवलीत तर फेरे मोजा. तुमच्याकडे ३ मिनिटांत किती भरतात, ते खाली जरूर कळवा. धागा समाप्त.